एकोणीस सांगायचं

वकीलबाई गच्चीवर आल्या तेव्हा माझे दोन्ही हात गव्हाच्या चिकाने भरले होते. एप्रिल महिना, सकाळचे साडेआठ. चीक गरम आहे तोवर कुरडया घालून व्हाव्या लागतात, पाहुणा आला म्हणून थांबता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलं.

"तुमचं चालू द्या," म्हणून त्या चपला काढून प्लॅस्टिकच्या कागदाच्या कडेला उकिडव्या बसल्या. वय सव्वीस-सत्तावीस. नाव रुकय्या मणेर. ज्या कैद्यांना वकील परवडत नाही त्यांना सरकार वकील देतं, त्या यादीवर त्यांचं नाव होतं आणि दर शनिवारी त्या जेलमध्ये जाऊन कैद्यांचे अर्ज लिहून देत. हे त्यांनी सांगेपर्यंत मी सोऱ्या दोनदा भरला.

"बाई, तिम्मा यल्लाप्पा धोत्रे आठवतो?"

"छत्तीस वर्षं शिकवलं मी. हजारभर पोरं गेली हाताखालून."

"ते खरं. तिम्मा आठवतो का?"

"आठवतो," मी म्हणाले. "पाय जरा मागे घ्या. कुरडई मोडेल."

त्यांनी पाय मागे घेतला.

बोरखिंडच्या शाळेत तिम्मा माझ्याकडे पहिलीपासून सातवीपर्यंत होता. बोरखिंड म्हणजे डोंगराच्या कुशीतल्या दगडखाणी, खाणींना लागून वडारांची वस्ती, आणि वस्तीपासून अर्ध्या मैलावर जिल्हा परिषदेची तीन खोल्यांची शाळा. सातवी झाली आणि तो आईबरोबर दगड फोडायला जायला लागला. २००४ च्या नोव्हेंबरात तिथल्या खडी क्रशरवर मारामारी झाली. क्रशरच्या पट्ट्यात एका बाईचा हात सापडला होता आणि मुकादमाने मशीन लगेच बंद करू दिलं नव्हतं. लोकांनी मुकादमाला धरलं. त्यात तो मेला. चार जणांना जन्मठेप झाली. त्या चौघांतला सगळ्यात धाकटा तिम्मा. हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, तसं मलाही होतं.

"कोर्टाच्या कागदांत त्याचं वय तेव्हा एकोणीस लिहिलंय," रुकय्या म्हणाल्या. "पण मागच्या महिन्यात बोलता बोलता तो म्हणाला, भूकंपाच्या पुढच्या वर्षी मला शाळेत घातलं. किल्लारीचा भूकंप त्र्याण्णवचा. म्हणजे चौऱ्याण्णवला पहिली. एकोणीस खरं धरलं, तर नऊ वर्षांचा पोरगा पहिलीत बसला म्हणायचं."

"बसायचे. वस्तीवरचे बसायचे."

"हा बसला होता का?"

मी सोऱ्यातला उरलेला चीक दाबून काढला. शेवटची कुरडई नेहमी अर्धवट होते.

"सहा वर्षांचा होता," मी म्हणाले. "बारा फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशी."

"तारीख पाठ आहे तुम्हाला?"

पाठ होती, त्याला कारण होतं. आमच्या तालुक्यातली निम्मी मुलं एक जूनला जन्मलेली आहेत. आईबापांना तारीख सांगता येत नाही, मग मास्तर एक जून लिहून मोकळे होतात. मला ते आवडायचं नाही. माझे वडील शंकराच्या देवळाचे पुजारी, आम्ही गुरव. घरात जुन्या पंचांगांचा ढीग होता. मी आयांना विचारायची, सण कुठला जवळ होता, पंधरवडा अंधारा होता की चांदण्याचा, आणि घरी येऊन पंचांगात तारीख काढायची. तिम्माची आई नागव्वा म्हणाली होती, शिवरात्रीच्या आधी चार दिवस, ह्याच्या बाळंतपणामुळे डोंगरावरच्या यात्रेला जायचं राहिलं. त्या वर्षी शिवरात्र सोळा फेब्रुवारीला होती. 

रुकय्यांनी हे सगळं एका वहीत उतरवून घेतलं. मग कायदा सांगितला. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पुरी नसतील तर तो बालक. बालकाला जन्मठेप देताच येत नाही, मोठ्यांच्या जेलमध्ये ठेवताही येत नाही. त्या वेळच्या कायद्याने फार तर तीन वर्षं, तीही सुधारगृहात. आणि हा मुद्दा कधीही काढता येतो. खटला संपला, अपील फेटाळलं, तरी.

"सोळा वर्षं नऊ महिने," त्या म्हणाल्या. "आत्ता बारावं वर्ष चालू आहे त्याला आत."

"रजिस्टर शाळेत असेल. जनरल रजिस्टर कुणी टाकून देत नाही."

"बघून आले मी. आहे. तुमच्या अक्षरात आहे, म्हणून आले. तुम्हाला साक्षीला यावं लागेल." मग त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. "आणि हे पोलिसांच्या फाइलमध्ये होतं. तुमच्याच शाळेचा दाखला, जून दोन हजार चारचा. जन्मतारीख एक जून पंच्याऐंशी. क्रशरच्या ऑफिसातून जप्त केलेला. यावरूनच त्यांनी एकोणीस धरलं. खाली सही आहे, 'प्रभारी मुख्याध्यापक'. कुणाची असेल?"

मी हात चिकट असल्याचं सांगितलं. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

"झेरॉक्स फिकट आहे," मी म्हणाले. "प्रभारी कुणी ना कुणी असायचंच."

त्यांनी कागद घडी करून परत ठेवला आणि जाताना दोन ओल्या कुरडयांमधून जपून पाय टाकत गेल्या.

*

माझे मिस्टर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. माणसाने वेळेवर यावं, वेळेवर जावं आणि चौकशीच्या खिडकीतून विचारलं तेवढंच सांगावं, असं त्यांचं मत होतं आणि आहे. कोर्टाचं समन्स आलं त्या दिवशी ते जेवता जेवता म्हणाले, "रजिस्टर तुझ्या अक्षरातलं आहे, एवढं सांगायचं. बाकी काही विचारलं तर आठवत नाही म्हणायचं."

"मला आठवतंय."

"आठवतंय म्हणूनच सांगतोय."

मी त्यांना भात वाढला. ते पुढे म्हणाले, "त्या रजिस्टरवर पोरगा सुटतोय ना? मग झालं तर. विषय वाढवायचा कशाला?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी तसंच करायचं ठरवलं.

*

रुकय्यांच्या अर्जावर हायकोर्टाने सांगितलं आणि जुलैत जिल्ह्याच्या कोर्टात वयाची चौकशी लागली. चौकशीआधी तिम्माच्या हाडांची तपासणी झाली होती. डॉक्टरांच्या मंडळाने वय सव्वीस ते बत्तीसच्या दरम्यान असल्याचं कळवलं होतं. त्यात त्याचं रजिस्टरमधलं वयही बसत होतं आणि दाखल्यातलंही.

साक्ष होईपर्यंत साक्षीदाराला आत बसू देत नाहीत. मी बाहेर बाकावर बसले. जरा वेळाने दोन पोलीस तिम्माला घेऊन आले. मी त्याला ओळखलं नाही. रुंद खांदे, कपाळावर मागे सरकलेले केस, पांढरी टोपी हातात. त्याने मात्र मला लगेच ओळखलं.

"बाई, तुमी आला?"

"हो."

"तुमचं केस लई पिकलं की."

पोलीस त्याला आत घेऊन गेले. पाठोपाठ नागव्वाला पुकारलं. ती माझ्यासमोरून गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि माझ्या शेजारी बाकावर न बसता खाली फरशीवर बसली. मी वर बसायला सांगितलं, पण ती उठली नाही. तिने पदराने तोंड पुसलं.

"काय विचारलं?"

"समदं इचारलं. कवा झाला, कुटं झाला, सुईण कोन व्हती. सुईण मेली म्हनलं." मग तिने आवाज खाली आणला. "बाई, तुमचं नाव न्हाई घेतलं म्या."

मी कोर्टाच्या दाराकडे बघितलं.

"त्या सरकारी वकिलानं कागद फुडं केला. ह्यो दाखला कुनी दिला, म्हनला. म्हनलं, मला वाचाय येत न्हाई, मला काय म्हाईत."

"कोर्टात खोटं बोललात, नागव्वा?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमीबी ल्हिलंच की माज्यासाटी."

तेवढ्यात शिपायाने माझं नाव पुकारलं. शालन बापू गुरव. तीनदा पुकारायची पद्धत आहे. मी दुसऱ्यांदाच उठले.

*

रुकय्यांनी मला रजिस्टरबद्दल विचारलं. अक्षर कुणाचं, तारीख कशी काढली, खाडाखोड आहे का. मी पंचांगाचं सांगितलं. शाळेचे आत्ताचे मुख्याध्यापक रजिस्टर घेऊन बाजूला उभे होते. सहा-सात मिनिटांत रुकय्यांचे प्रश्न संपले. दाखल्याबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. मला वाटलं, विसरल्या.

सरकारी वकील इंगवले नावाचे होते. वयस्कर आणि सभ्य. उलटतपासणीला उभे राहताना त्यांनी मला नमस्कार केला.

"बाई, त्या साली पहिलीत किती मुलं दाखल झाली?"

"एकवीस."

"रजिस्टर मी बघितलं. एकाचीही जन्मतारीख एक जून नाही. तालुक्यातली कुठलीही शाळा घ्या, एक जूनची रांग लागलेली असते. तुमच्याच शाळेत कशी नाही?"

"मी विचारत होते म्हणून."

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

"ठीक. आता हा दाखला. शाळा तीच. शिक्का खरा, जावक क्रमांक खरा. जन्मतारीख एक जून पंच्याऐंशी. एकाच मुलाच्या, एकाच शाळेत, दोन जन्मतारखा. म्हणजे दोनपैकी एक कागद खोटा. बरोबर?"

"बरोबर."

"दाखला बारा वर्षं पोलिसांच्या आणि कोर्टाच्या ताब्यात आहे. त्याला कुणी हात लावू शकत नाही. रजिस्टर मात्र शाळेच्या उघड्या कपाटात. तुम्ही तिथेच नोकरीला होता. तुम्हाला या मुलाची दया आली असेल. माझं म्हणणं असं आहे की रजिस्टरमधली नोंद नंतर बदललेली आहे."

"बदललेली नाही."

"कशावरून?"

"दाखला खोटा आहे, त्यावरून."

"तो खोटा कशावरून?"

"तो मी लिहिलाय."

टंकलेखक बाईंचे हात थांबले. "काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"तो मी लिहिलाय," मी परत सांगितलं. "खालची सही माझी आहे. मुख्याध्यापक रजेवर होते. प्रभारी मी होते."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "बाई, जरा थांबा. तुम्ही आत्ता जे बोलताय ते नोंदवून घेतलं, तर तुम्ही स्वतः अडचणीत येऊ शकता. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय. नोंदवा."

मग त्यांनी मला सविस्तर सांगायला सांगितलं. मी सांगितलं ते असं.

त्या वर्षी मे महिन्यात क्रशरवर कामगार खात्याचा माणूस येऊन गेला. त्यानंतर क्रशरवाल्याने अठराच्या खालची सगळी पोरं कामावरून काढली. वयाचा दाखला आणा, मग या, असं त्याने सांगितलं. तिम्माचा बाप आदल्या वर्षी छातीच्या आजाराने गेला होता. घरात नागव्वा, तिम्मा आणि दोन धाकट्या बहिणी. शाळा उघडली त्या दिवसापासून नागव्वा शाळेच्या पायरीवर येऊन बसायला लागली. बोलायची काही नाही. मधल्या सुट्टीत मुलं तिला ओलांडून पाणी प्यायला जायची. चौथ्या दिवशी मी दाखल्यांचं बुक काढलं.

सोळा होती, अठरा करायची होती. शहाऐंशी लिहिलं असतं तर बरोबर अठरा झाली असती. मला वाटलं, काठावर नको, पक्कं असावं. म्हणून पंच्याऐंशी लिहिलं. आणि कुणाला शंका येऊ नये म्हणून एक जून.

"आपल्या मुलाला आपण खोटा दाखला देतोय, हे चूक आहे असं वाटलं नाही?" इंगवल्यांनी विचारलं.

"नाही. मला बरं वाटलं होतं."

न्यायाधीश रुकय्यांकडे वळले. "ते ठीक आहे. पण आरोपी स्वतः? पोलिसांनी विचारलं, खालच्या कोर्टाने विचारलं, आरोपपत्राच्या वेळी विचारलं. दर वेळी त्याने एकोणीसच सांगितलंय. त्याने एकदाही खरं वय का सांगितलं नाही?"

प्रश्न रुकय्यांना होता, तरी उत्तर मी दिलं.

"मी पाठ करून घेतलं होतं."

"म्हणजे?"

"दाखला दिला त्या दिवशी मी तिम्माला शाळेत बोलावलं. क्रशरवाला तोंडी विचारेल आणि हा चुकेल, अशी मला भीती होती. मी विचारलं, वय किती? तो म्हणाला, सोळा. मी म्हणाले, चूक. एकोणीस सांगायचं. जन्मतारीख? एक जून पंच्याऐंशी. पाच वेळा म्हणून घेतलं. मग मी मुद्दाम दुसरंच विचारायला लागले, आई कशी आहे, बहिणी शाळेत येतात का, आणि मधेच एकदम वय विचारलं. तो म्हणाला, एकोणीस. मी विचारलं, पोलिसाने विचारलं तर? एकोणीस. साहेबाने विचारलं तर? एकोणीस. मी त्याला शाब्बास म्हणाले."

तिम्मा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. तो टोपीची शिवण बोटाने चाचपत होता.

इंगवले थोडा वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "शेवटचे दोन-तीन प्रश्न. त्याला अटक झाली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"शाळेत."

"निकाल लागला तेव्हा?"

"शाळेत."

"इतक्या वर्षांत कुणाला सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं."

"मग?"

"सुरुवातीला वाटलं, त्याचा वकील काढेल शोधून. मग वाटलं, नुसतं चेहरा बघून सोडतील. नंतर माझी बढती निघाली. मुख्याध्यापक म्हणून."

"आणि बढती झाल्यावर?"

"तोवर निकाल लागला होता. मला वाटलं, निकाल लागल्यावर काही करता येत नाही. मी कुणाला विचारलं नाही."

टंकलेखक बाईंनी तेही लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं आणि सही करायला सांगितली. रजिस्टरमधली, दाखल्यावरची आणि ही, अशा तिन्ही सह्या टेबलावर एका ओळीत होत्या. तिन्ही सारख्या होत्या.

*

बाहेर आल्यावर रुकय्या माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आल्या.

"तुम्ही दाखल्याचं विचारलंच नाही," मी म्हणाले.

"सही मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. रजिस्टरच्या पानापानावर आहे."

"मग गच्चीवर का विचारलंत?"

"बघत होते." त्यांनी बाटलीचं झाकण उघडून दिलं. "मीच कोर्टात विचारलं असतं, तर तुम्ही आठवत नाही म्हणाला असता."

मी पाणी प्यायले.

पोलीस तिम्माला घेऊन बाहेर आले. गाडी यायला वेळ होता म्हणून त्यांनी त्याला भिंतीकडे उभं केलं. नागव्वा त्याच्या पायाशी बसली. मी उठून जवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोच आधी बोलला.

"बाई, मग मी आता किती वर्सांचा?"

"अठ्ठावीस."

"मी एकतीस धरून चाललो व्हतो."

"चला, म्हणजे लग्नाला टाइम आहे अजून," एक पोलीस म्हणाला. दुसरा हसला.

तिम्मा हसला नाही. त्याने वाकून आईला हाताला धरून उठवलं. बेडीमुळे त्याला ते दोन्ही हातांनी करावं लागलं. मग गाडी आली.

*

सत्र न्यायालयाने अहवाल हायकोर्टाकडे पाठवला आणि ऑक्टोबरात हुकूम झाला. गुन्ह्याच्या दिवशी तिम्मा धोत्रे बालक होता. गुन्हा सिद्ध झाल्याचं कायम राहिलं, शिक्षा रद्द झाली. कायद्याने जास्तीत जास्त तीन वर्षं देता आली असती आणि अकरा वर्षं अकरा महिने झालेली होती, तेव्हा त्याला ताबडतोब सोडावं, असं त्यात होतं. ताबडतोबला नऊ दिवस लागले. जेलमधल्या एका रजिस्टरवर त्याची जन्मतारीख जुनीच होती आणि ती दुरुस्त झाल्याशिवाय सुटकेचा कागद निघत नव्हता.

माझ्याबद्दलचा कागद जिल्हा परिषदेत गेला. मला नोटीस आली. खोटा दाखला दिल्याबद्दल आपली पेन्शन का रोखू नये, याचा खुलासा आठ दिवसांत करावा. मिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच खुलासा लिहायला बसले, तीन पानं झाली. मी त्यांची तीन पानं बाजूला ठेवली आणि एका ओळीत लिहून पाठवलं की आरोप मान्य आहे.

पुढच्या एप्रिलात उत्तर आलं. निवृत्त कर्मचाऱ्यावर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी खातेनिहाय कारवाई सुरू करता येत नाही, असा नियम आहे. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे. फौजदारी करावी असं कुणाला वाटलं नाही. मिस्टरांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पेढे आणायला गेले.

मी पेढा खाल्ला नाही. मला साखर आहे.

*

तिम्मा सुटून सहा महिने झाले होते. तो माझ्याकडे आला नव्हता आणि मी त्याच्याकडे गेले नव्हते. पत्र आल्यावर दोन आठवड्यांनी मी बोरखिंडच्या गाडीत बसले. मे महिना होता. फाट्यावरून वस्तीपर्यंत चालत जावं लागतं. रस्त्यात मी एक वाक्य तयार केलं, मुलांना भाषण पाठ करायला द्यायची तसं, आणि चार-पाच वेळा मनात म्हणून बघितलं.

तो खोलीच्या मागच्या बाजूला दगडाची भिंत घालत होता. आईला आंघोळीला आडोसा नव्हता. दगड हातात घ्यायचा, फिरवून बघायचा, एक टवका उडवायचा आणि बसवायचा. मला बघून त्याने हातोडी ठेवली, सावलीला पोतं टाकलं आणि आईला हाक मारली. नागव्वा पाणी आणायला गेलेली होती. मग त्यानेच आतून तांब्या आणला आणि माझ्यासमोर बसला. अंतर ठेवून.

मी वाक्याची सुरुवात केली, पण ते मला आठवेना.

"तुमच्या साक्षीनं सुटलो म्हनं," तो म्हणाला. "वकीलबाईनं सांगितलं. न्हाईतर त्या इंगवलेसाहेबानं रजिस्टर उडवलं असतं."

"माझ्यामुळेच आत गेलास."

"मुकादमाला धक्का मी बी दिलेला, बाई. माझा हात व्हता त्यात." त्याने बोटाला लागलेला चुना अंगठ्याने खरवडला. "पर जेलात गेल्यावर आधी आधी वाटायचं, शाळेतली बाई यील. तारखेला नेलं की बघायचो दाराकडं. आता यील, मग यील. दीड वर्स खटला चालला. निकालाच्या दिवशी बी बघितलं. मग न्हाई वाटलं."

"मी यायला पाहिजे होतं."

"व्हय," तो म्हणाला.

पलीकडे खाणीत कुणीतरी सुरुंगाची शिट्टी वाजवली. आम्ही दोघंही थांबलो. स्फोट झाला, खाली जमीन हलली, मग दगड घरंगळत गेल्याचा आवाज आला. ते सगळं संपेपर्यंत तो डोंगराकडे बघत होता.

"आता तुमाला जेल हुनार का?"

"नाही. पत्र आलं. घटनेला चार वर्षं उलटून गेली की काही करता येत नाही म्हणे. नियम आहे."

"चार वर्सांत मिटतं?"

"हो."

मला वाटलं, तो आता उठून जाईल, किंवा मला जा म्हणेल. दोन्ही योग्य झालं असतं. त्याने तांब्या उचलला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि फुलपात्र माझ्याकडे सरकवलं.

"प्या बाई," तो म्हणाला. "ऊन लई हाय."

मी पाणी प्यायले. तो उठला, हातोडी घेतली आणि पुढचा दगड फिरवून बघायला लागला. मी तिथे तासभर बसले होते. भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा नागव्वा घागर घेऊन आली, मग मी निघाले.